जुनं नाव, मोठ्याने

सुबानाली : पाटीवर हे कड्याचं चित्र नको. तंबूच्या माथ्याचं कडं फोनच्या दुकानावर, तेच पावाच्या पाकिटावर, आता शिक्षकांच्या मंडळावरही? काढ ते.

एर्मेक : काढतो, आगाय. पण पाटीवरचं नवं नाव तरी बघा. ‘तीन खोरी शिक्षक मंडळ’.

सुबानाली : बघितलं. माझं नाव जाणार आणि खोरी येणार. मला काय विचारतोस?

एर्मेक : मंडळ तुम्ही काढलंत. तुमच्या विद्यार्थ्यांनी त्याला तुमचं नाव दिलं. तुम्हाला न विचारता कसं बदलायचं? खालच्या दोन खोऱ्यांतले चाळीस मास्तर बाहेर पडायला निघालेत. म्हणतात, नाव सासऱ्याचं, अध्यक्ष सून, हे मंडळ आहे की तुमचं घर?

सुबानाली : खोटं नाही बोलत. मीही हेच म्हटलं असतं. बदला खुशाल. झूराकान, अध्यक्ष तू ना? सकाळपासून नुसता चहा ओततेस.

झूराकान : तळलेले बोरसोक घ्या, आताके. गरम आहेत.

एर्मेक : झूराकान एजे नाही सांगायच्या, मी सांगतो. गाडी भलतीकडेच अडलीय. मंडळाचा नियम सातवा. नाव बदलायचं तर अध्यक्षाने स्वतः उभं राहून जुनं नाव मोठ्याने वाचायचं, मग नवं, मग हात वर. दुसऱ्याने वाचलं तर ठराव बाद. नारीन शहरातल्या कचेरीत चौकशी केली, तेही म्हणाले, नियम म्हणजे नियम.

सुबानाली : कुठल्या गाढवाने लिहिला हा?

एर्मेक : तुम्ही, आगाय.

सुबानाली : हं. तेव्हा अध्यक्ष मीच होतो. कोणी गुपचूप काही बदलू नये म्हणून लिहिला. अध्यक्षाच्या खुर्चीत माझीच सून बसेल, हे कुठे माहीत होतं.

झूराकान : सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, एर्मेक.

सुबानाली : त्याला काय सांगतेस, त्याची आईही तशीच. एर्मेक, या झूराकानच्या थोरल्या दिराचं नाव शेकेरबेक. शेकेर म्हणजे साखर, म्हणून ही साखरेलासुद्धा ‘गोडं’ म्हणते. नव्या दुकानदाराला बोटाने पोतं दाखवावं लागलं.

एर्मेक : आजवर सभेत ‘आपलं मंडळ’ म्हणून भागलं, एजे. उद्या नाही भागायचं. बघा काय ते. मी अंगणात जाऊन कडं खरवडतो.

(एर्मेक पाटी घेऊन बाहेर जातो.)

सुबानाली : आता बोल.

झूराकान : काय बोलू? नाही वाचलं तर खालचे म्हणतील, मुद्दाम अडवलं. निघून जातील. मग राहिलं काय, आपण बारा जण. आणि वाचलं तर गल्लीतल्या बायका म्हणतील, एकतीस वर्षांत सासऱ्याचं नाव एकदाच घेतलं, तेही पुसून टाकायला.

सुबानाली : बायकांचं सोड.

झूराकान : मलाही ते पुसून टाकल्यासारखंच वाटतं, आताके. बायकांचं नंतर.

सुबानाली : मी सांगतो ना, घे. माझी परवानगी आहे.

झूराकान : परवानगीने झालं असतं तर काल गोठ्यात कशाला गेले असते? गायीपुढे म्हणून बघितलं. पहिल्या अक्षरापुढे जीभ जाईना. गायही चारा सोडून माझ्याकडे बघत राहिली.

सुबानाली : या घरात येण्याआधी, मी तुझा मास्तर होतो तेव्हा, मला काय म्हणायचीस?

झूराकान : तेव्हा मी सून नव्हते.

सुबानाली : विचारलं तेवढं सांग.

झूराकान : वर्गातली सगळी म्हणायची तेच.

सुबानाली : सातवीचा वर्ग. खिडकीजवळचा बाक, शेगडीपासून सगळ्यात लांब. बोटं काखेत घालून बसायचीस, आणि नाव पुकारलं की ताडकन उठायचीस. ऊठ.

झूराकान : आताके, माझा गुडघा...

सुबानाली : सातवीच्या मुलीला कसला आलाय गुडघा? उभी राहा. अब्दिलदाएव कासिम?

झूराकान : तो रशियात आहे. आता नातू झाला त्याला.

सुबानाली : दुसऱ्याच्या नावाला उत्तर द्यायचं नाही. कासिम गैरहजर. तुर्दुबेकोवा झूराकान?

(झूराकान गुडघ्यावर हात टेकून उठते.)

सुबानाली : तुर्दुबेकोवा झूराकान? आज आलीय की नाही?

झूराकान : हजर, सुबानाली आगाय.

सुबानाली : शेवटच्या बाकापर्यंत नाही पोचलं.

झूराकान : हजर, सुबानाली आगाय.

सुबानाली : बस खाली. उद्या याच आवाजात वाच. मग पुसा.

झूराकान : तुमच्या डोळ्यांना पाणी आलंय.

सुबानाली : रंगाचा वास येतोय अंगणातून. चहा गार झाला का बघ.

झूराकान : दुसरा ओतते, आताके. गोडं किती घालू?