गच्चीची किल्ली

पायाचं कुरूप दाखवायला मोठ्याबाई कातडीच्या डॉक्टरांकडे बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर मायलेकी कुजबुजत होत्या, आणि मोठ्याबाई काही कान घरी ठेवून आल्या नव्हत्या.

"आई, मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं यांना सांगायचं हं."

"काही गरज नाही. सोरायसिस तुला कॉलेजपासून आहे."

"तेव्हा कोपरावर नखाएवढा होता. ही गोळी सुरू झाली आणि सगळी पाठ सोलून निघाली. चादर झटकली की खपल्यांचा सडा पडतो."

"मलम देतील."

"लोक काय म्हणतील, हीच भीती ना तुला?"

"लोक गेले खड्ड्यात! हा डॉक्टर गोळी बंद करील, मग?"

"दुसरी देतील."

"आणि ती लागू नाही पडली तर? या गोळीनं तू जेवायला लागलीस, हसायला लागलीस. गच्चीच्या कुलपाची किल्ली अजून माझ्या कमरेला आहे, पोरी. ती चाचपल्याशिवाय मला झोप येत नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर म्हणते, तूच आत येऊन सांग. म्हणावं, गोळीला हात लावायच्या आधी त्या डॉक्टरांशी बोला."

"माझं ऐकेल तो?"

"न ऐकून जातो कुठे? बाबा गेले का कधी?"

"चहाटळ! पण फोन माझ्यासमोर लावायचा, हे आधीच सांगणार."

तेवढ्यात कंपाउंडरनं मोठ्याबाईंचा नंबर पुकारला.

"आधी या दोघींना सोड," मोठ्याबाई म्हणाल्या. "माझं कुरूप कुठं पळून जात नाही."