आत्याबाईंच्या तोंडची चिकटपट्टी

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे उत्सवमूर्ती आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतींना आधार देणारे विद्यार्थिमित्रहो,

आरंभीच एक गंभीर तक्रार. माझ्या मागच्या फलकावर ‘समारंभ’ या शब्दाला दोन अनुस्वार दिले आहेत. एकात भागलं असतं. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला त्या जादा टिंबाकडे पाठ करून बोलायला लावणं, ही शिक्षा कुठल्या अपराधाची? असो.

मी इथे पालक म्हणून उभा आहे. माझी भाची या विभागात संशोधनाला लागते आहे. शरीरातली प्रथिनं लोखंड, तांबं पोटाशी धरून काय उद्योग करतात, ते वर्णपटावरून ओळखायचं, एवढं मला कळलं. अशी संधी क्वचित मिळते, असं बाई आत्ताच म्हणाल्या. अगदी खरं. ही मिळाली ती आज निरोप घेणाऱ्या, तुम्हा सर्वांच्या ‘दादां’ची जागा रिकामी झाली म्हणून.

परवा दादांनी भाचीला आणि मला कौतुकानं तळघरातली खोली दाखवली. खिडकी नाही. नमुने थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन ओतला, की पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत पायांशी येते. भिंतीवर एक डबी. तिच्या तोंडात कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

“हे काय?”

“त्या आत्याबाई, मामा! प्राणवायू कमी झाला की कोकलतात.”

“मग तोंड का बांधलंय?”

“अहो, ओतायला घेतलं की झाल्याच सुरू! दर वेळी बाहेर पळालो तर नमुना गेलाच म्हणून समजा.”

भाची खुदकन हसली. मी विचारलं, “कधी त्रास नाही झाला?”

“छे! एकदा जिन्यात मटकन बसलो, तेवढंच. सकाळपासून पोटात काही नव्हतं ना.”

“जेवल्यावर बरं वाटलं?”

“जेवतोय कुठला! वर आलो, तसं आपोआपच बरं वाटलं.”

मी पुन्हा त्या डबीकडे पाहिलं.

मंडळी, प्राणवायू लागला की हे नमुने बिघडतात. म्हणून त्या खोलीत त्याला शत्रू मानतात. पण शब्दातला ‘प्राण’ काही शोभेला बसवलेला नाही. आणि वाफ विरल्यावर प्राणवायूची जागा घेऊन बसणाऱ्या नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. तो खाकरूनही येत नाही. त्या दिवशी दादांना जिना गाठता आला. शिवाय काम शिकवायला ते होते तोवर खाली दोघं असायची. सोमवारपासून भाची एकटी.

बाई, ती चिकटपट्टी आजच काढाल का? नमुने वाया गेले तर जाऊ द्यात.

दादा, गौरवाला उभा राहिलो आणि तुमचीच चहाडी केली. तुम्ही पोरीला हाताला धरून काम शिकवलंत, त्याचे आभार मनापासून मानतो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

मला भीती वाटते. ती खाली पडलेली असेल, आणि वर सगळे म्हणतील, पोरगी किती मन लावून काम करते आहे.