एसी काढूनच टाका, मिस्त्री

— चालू हाये ते मला बी दिसतं हो मिस्त्री, गार हवा मारून राहिला, समदं बराबर. पन काढूनच टाका म्हनतो मी. समदा. पुढची जाळी, कॉम्प्रेसर, त्या नळ्या, आतला ब्लोअर — एक बी वस्तू ठिवू नका. काहून म्हनजे? गाडी तापून राहिली ना! वाशीमकडचा चढ लागला की काटा लालावर, मंग गाडी कडेला घ्या अन् बसा वारा घालत. जुनी गाडी हाये, तिच्या रेडिएटरच्या तोंडासमोर एसीची दुसरी जाळी उभी केली, तर त्या रेडिएटरनं दम घ्यायचा कुठून? तुमी तर मिस्त्री, तुमाला काय सांगायचं. अन् ध्यानात ठिवा, कॉम्प्रेसर निघाला की हा पट्टा लांब पडतो, आखूड पट्टा लागंल, न्हाईतर वॉटर पंपच फिरायचा न्हाई. अन् गॅस सोडताना जरा लांब उभे राहा. — अं? इंजन? न्हाई न्हाई, इंजन बंद करू नका. राहू द्या चालू. केबिनमंदी बाई हाये. माझीच बाई हो, घरवाली, सोजराबाई. झोपली. गार हवा हाये तवर झोपंल. तिचा भाऊ यिऊन राहिला हट्ट्याहून, उकंडराव, तो तिला घेऊन गेला की मंग बंद करा अन् खोला काय खोलायचं ते. तवर बसू इथंच सावलीला.

माहेरीच चालली, व्हय. भांडन? छ्या, या वयात कसलं भांडन. तिला गरमी सोसत न्हाई — म्हनजे गरमीचं काय — तिचं डोस्कं जरा — इसरायला लागली ती. आधी भाजीत मीठ इसरली, मंग चूल पेटती ठिवून शेजारी जाऊन बसली, मंग आपलीच गल्ली सापडंना. घरी कोनाजवळ ठिवावं? लेकी आपापल्या घरी नांदून राहिल्या. मंग म्हनलं चल, बस गाडीत माझ्याबराबर. पन ऊन तापलं की बावरायची, अन् काच खाली केली की लगेच दार उघडायला बघायची — चालत्या गाडीचं, मिस्त्री! तवा हा एसी बसवला. काचा बंद, दार बंद, आत गारेगार, अन् बाई गप. बाहीर बघत बसती, बैल दिसला की हात दावती. वसमतच्या बाजारातले हमाल मला चिडवतेत, तातेराव आता साहेब झाले म्हनं, एसीत फिरतेत! म्हनू द्या. त्यायला कुठं सांगत बसू? आता तुमीच बघा — एसी ठिवला तर इंजन बसतं, एसी काढला तर बाई बसत न्हाई. हेच सांगितलं मी उकंडरावला फोनवर. म्हनलं, गाडीचा नाइलाज हाये, एसी काढल्याबिगर भागत न्हाई, तवा तुमच्या बहिनीला घेऊन जा. तो बी म्हनला, बराबर हाये दाजी, गाडीवरच तुमचं पोट. झालं. कोनाला काही बोलायला जागा राहिली न्हाई. गाडीच तापती, त्याला मी काय करू? अं? सांगा ना, काय करू?

काय ते? काय दावता? हळद हाये ती, हात पिवळा व्हनारच. वसमतहून हळदच वाहतो मी, पोत्यातून भुकटी उडती, गाडीभर व्हती. दोन जाळ्यांच्या मंदी बसली? असंल बसली. पन मी धुतो की! तुमाला वाटंल तातेरावानं गाडीकडं बघितलंच न्हाई — दर खेपेला पाईप लावून भसाभसा पानी मारतो जाळीवर. आँ? पानी मारायचंच न्हाई? — लेप झाला म्हनता? भुकटीवर पानी पडलं अन् तिचा लेप झाला, वाळून घट्ट बसला? म्हनजे मीच नवरदेवावानी हळद लावून राहिलो रेडिएटरला, अन् वरून म्हनतो तापतो काहून! हसा, हसा. जो हळद वाहतो त्यालाच हळदीची अक्कल न्हाई. मंग आता? पुढची जाळी नुसती सैल करून बाजूला सरकवायची... मागून हवा मारायची, कोरडी... बुरशानं झाडायचं. अन् गाडी तापनार न्हाई. एसी ठिवून बी तापनार न्हाई. असं म्हनता.

न्हाई. तरी बी काढाच तुमी. काहून काय काहून! गाडी माझी हाये का तुमची? मी म्हनतो काढा तर काढायचं, पाच मानसायला इचारून काढायचं का मी —

बसा. बसा हो, पाना टाकून जाऊ नका. तुमच्यावर न्हाई वरडलो.

मी थकलो, मिस्त्री. अकोल्याला मी पावती घ्यायला गेलो, तेवढ्यात ही उतरून गेली. समदी दुपार हिंडलो उन्हात, मानसं म्हनतेत कसली साडी व्हती, मला साडी आठवंना. सापडली एका रसवंतीवर, उसाचा रस पीत बसली व्हती, हसत. मी रडून राहिलो अन् ती हसून राहिली. तवापासून गाडीत झोपतो तवा तिचा पदर माझ्या मनगटाला बांधून झोपतो. ते बी सोसतो मी. त्याची तकलीफ न्हाई. पन ती मला वळखत न्हाई हो! भावाला वळखती. फोनवर त्याचा नुसता आवाज आला की, उकंडा, जेवला का रं? अन् मी कोन? मी डायव्हर भाऊ. डायव्हर भाऊ, आमच्या गावावरून जाती का गाडी? तिथं आमचे मालक हायेत, तातेराव म्हनून, त्यायला काळजी लागली असंल. — तातेराव म्हनती! साऱ्या जन्मात नाव घेतलं न्हाई तिनं माझं. लग्नात करवल्यायनं दारात अडवलं, नाव घे म्हनल्या, तर लाजून रडायलाच लागली ही. आता परक्या मानसापुढं घेतल्यावानी माझ्यापुढं घेती, अन् लई मायेनं घेती. मला त्या तातेरावाचा राग येतो. वाटतं, जा बाई तुझ्या भावाकडं, तो तरी खरा हाये. मी तरी कुठवर डायव्हर व्हऊन —

आली ना जीप? उकंडरावच हाये, उतरून राहिला. चला, सुटलो एकदाचा. म्हनजे ती सुटली. खोला तुमी, आना पाना, मी दारापासून तिला — ऐकलं का? काच वाजून राहिली. उठली. थांबा. जरा थांबा, मला चढू द्या वर.

काय? न्हाई, न्हाई बाई, उतरू नका. बसा तुमी. तुमचं गाव लांब हाये अजून, मीच सोडतो. व्हय, तातेरावाला निरोप धाडला म्या. काच लावून घ्या, गारवा जातो.

मिस्त्री, तो पाना ठिवा खाली. हवेचा पाईप आना, कोरडीच मारा. अन् उकंडरावला म्हनावं, चहा घेऊन जा.