प्लास्टिकचं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्ही हात लावलातच कशाला?' कशाला म्हणजे? हौस! दुसरं काय? चांगला चालला होता हो खेळ! तुम्हाला सांगतो, अगदी चांगला चालला होता!

झालं काय, आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही महिने जपून. आता ही बाई म्हणजे पायाला भिंगरी, ती खुर्चीत बसून करणार काय? एकदा भिंतीकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि म्हणायची, 'दोघांनाही रंग द्यायला झालाय.' तेव्हा मुलीने तिचा जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. त्यात एक खेळ होता. घोड्यावर बसायचं आणि डोंगरदऱ्यांतून हिंडायचं. मारामाऱ्याही होत्या म्हणा, पण आम्ही कुणाच्या वाटेला गेलो नाही. मी दुकानातून आलो, चहा घेतला, की आम्ही दोघं घोड्यावर! मी बटणं दाबणार, ही शेजारी बसून हुकूम सोडणार. 'अहो, त्या तळ्याकडे घ्या ना... अहो हळू, दम लागला असेल!' कोणाला? घोड्याला! माझ्या दमाची चौकशी लग्नापासून नाही! पण खरं सांगू? इतकं आम्ही दोघं कधी हिंडलोच नव्हतो.

आणि एक दिवस ही सहज म्हणाली, 'पाणी जरा प्लास्टिकचं वाटतं, नाही?'

संपलं! बायको बोलली आणि मी मनावर घेतलं! एरवी घेतो का? न्हाणीघराचा नळ गळतोय म्हणून ती वर्षभर सांगतेय, तो अजून गळतोय. पण हे घेतलं!

आमच्या फरशांच्या दुकानात बिलं करणारा एक आहे, त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो... तोंडावर नाही. तो म्हणाला, 'मॉड टाका की!' मॉड म्हणजे काय, तर खेळ कंपनीने केलेला, आणि त्यातलं पाणी, झाडं, आकाश बदलून देणारी फाइल कुणीतरी तिसऱ्याच माणसाने घरी बसून केलेली. मी म्हटलं, म्हणजे फरशीवर फरशी? 'हां, तस्संच! फोल्डरमध्ये टाकायचं नि झालं!' 'नि झालं!' अहो, जन्मभर मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय, 'फरशीवर फरशी बसते, काही तोडफोड नाही.' आणि मग त्यांचं दार उघडेनासं होतं, फोन येतो, तेव्हा मी नेमका जेवायला गेलेला असतो! मला कळायला नको?

टाकली फाइल. पाणी बदललं? बदललं ना! गेलंच! तळ्याच्या जागी खड्डा, आणि खड्ड्यात मासे हवेत पोहतायत! ही म्हणाली, 'आटलं वाटतं.' चांगला चालला होता हो खेळ! मग वाचलं, तर या मॉडला आधी दुसरा मॉड लागतो. दुसऱ्याला तिसरा. तिसरा चालतो, पण चौथा असेल तर नाही, आणि चौथ्याशिवाय पहिला हलत नाही! म्हणजे आमच्या घरचं कार्यच! आत्याला बोलवा, काका येत नाहीत. काकांना बोलवा, मावशी रुसते. आणि मावशीशिवाय पान हलत नाही!

सगळ्यांची समजूत काढून बसवलं. आकाश जांभळं! घोडा गुलाबी! गावातल्या माणसांना मुंडकीच नाहीत, आणि तरी बोलतायत! 'या पाहुणे, बसा!' कुठून बोलतोयस बाबा तू? ही किंचाळली, 'अहो, बंद करा ते!'

मग गेलो इंटरनेटवर, जिथे असले सगळे दुखणाईत जमतात. अदबीने विचारलं, 'माझ्या गावकऱ्यांना डोकी नाहीत, काय करावं?' तिथे एक 'काळा कोल्हा' म्हणून आहे, त्याचं उत्तर, 'सूचना वाचल्या का?' वाचल्या. 'नीट वाचल्या का?' नीट वाचल्या. 'ग्राफिक्स कार्ड कुठलं?' मी मुलीच्या त्या जुन्या कॉम्प्युटरातलं सांगितलं... त्यावर नुसता हसरा चेहरा! आणि खाली एकाने हुबेहूब माझंच दुखणं लिहिलेलं, आणि त्याखाली त्यानेच, 'सुटलं, धन्यवाद.' अरे, कसं सुटलं? काय केलंस? सांगून तरी जा की मेल्या!

रोज हेच! ही खुर्ची ओढून शेजारी बसायची. 'झालं?' 'झालंच.' 'जरा फिरवता?' 'थांब गं, आकाश काढतोय!' बसून बसून उठायची. आणि उठायला लागली, बरं का! आधी भिंत धरून, मग काठी घेऊन. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्या म्हणायच्या, 'वा, काकू!' मीही आतून 'वा, वा!'... मान न वळवता. मग समोरच्या वहिनींबरोबर फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. मग काठीही सुटली, ती कधी सुटली ते मला वहिनींकडून कळलं. चांगला चालला होता हो खेळ...

आणि एका रविवारी जमलं! काय पाणी, काय पाणी! वारा आला की शहारतंय, वर ढग तरंगतायत... ओरडलो, 'अगं, ये लवकर!' ही दारात, बूट घालून. 'आल्यावर बघते हं, वहिनी खाली थांबल्यात.' म्हटलं, बरं. बंद करून ठेवला. तिथे चुकलो! पुन्हा उघडतो, तर कंपनीने आपल्या आपण अपडेट चढवलेला. 'तुमचा खेळ आम्ही आणखी सुंदर केला आहे!' कोणी सांगितलं होतं? सगळे मॉड ठार! समोर काळा पडदा!

ही आली. घामाघूम, गाल लाल, कितीतरी लहान दिसत होती. 'दाखवा,' म्हणाली. मी काळ्या पडद्याकडे बोट केलं. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'राहू द्या ना. नदीपर्यंत नवा रस्ता झालाय. चला, मी नेते तुम्हाला.'

मी नेते तुम्हाला! कुठलाही शहाणा माणूस काय करेल? उठेल, पायात चपला सरकवेल, बायकोबरोबर नदीवर जाईल! आणि मी काय म्हणालो असेन?... हसताय, म्हणजे ओळखलंत.

म्हटलं, 'तू हो पुढे. एवढं पाणी बसवतो नि आलोच.'