येतो गं

—नाही रे सुशांत, मंडळात दाखवा तो सिनेमा, खुशाल दाखवा, पण मला स्टेजवर बोलवू नकोस. काय बोलू मी? पोलंडच्या लोकांनी आमच्या हालिनामावशीच्या आयुष्यावर सिनेमा काढला, याचा आनंद नव्हता होय मला? अख्ख्या पार्सिपनीला फोन केले मी! महायुद्धातून जीव वाचवून पोरगी कोल्हापूरजवळच्या पोलिश छावणीत आली, माझ्या आईची मैत्रीण झाली, लढाई संपल्यावर गेली — एवढी साधी गोष्ट. पुन्हा त्यांची गाठ नाही पडली. आई गेल्यावर मलाच ती इथं परदेशात भेटली, दुकानात माझं मराठी ऐकून रडायलाच लागली — अरे, चहा घे, गार होतोय.

तर झालं काय, छावणी सोडताना ती आईला म्हणाली, 'येतो गं.' हो, आमच्या कोल्हापूरला मुलीसुद्धा येतोच म्हणतात! आता निघताना 'जातो' कोण म्हणतं? अभद्रच ते! पण आमची केया — नात माझी, इथं जन्मलेली — तिनं डिरेक्टरला त्याचं इंग्रजी करून सांगितलं, "शी सेड, आय ॲम कमिंग बॅक." झालं! त्या एका शब्दावर त्यांनी सगळा सिनेमा उभा केला — मावशीनं वचन मोडलं, आणि तिकडं मैत्रीण रस्त्याकडं डोळे लावून म्हातारी झाली. पोरीला तरी काय बोलू? शब्दाचा अर्थ तोच आहे की.

आणि मावशीनं तो बघितला ना! कालचं जेवण आठवत नाही तिला, पण हे मात्र डोक्यात रुतून बसलंय. नर्सिंग होममध्ये सकाळपासून कोट घालून दाराशी बसते, घास घेत नाही. "शी इज वेटिंग," एवढंच. मी हात धरून सांगते — अगं मावशी, ती नुसती म्हणायची पद्धत! मीसुद्धा रोज तुला म्हणतेच ना निघताना? त्यावर कुणी वाट बघत बसत नाही! पटतच नाही तिला. काय करू रे मी? मग आईची शपथ घेते, ती वाट बघत नव्हती म्हणून...

हं? खोटी कशाला घेईन? म्हणजे — आई आपली दर दिवाळीला फराळाचं एक ताट झाकून ठेवायची. आम्ही चिडवायचो तिला. 'हालिना येतो म्हणालीय,' म्हणायची. शेवटच्या दिवाळीला उठवत नव्हतं, तरी —

हे कुणाला बोलू नकोस हं. मावशीला तर मुळीच नाही. ऊठ, नीघ आता. मला तिला भरवायला जायचंय.