कोराकरकरीत चाकू

जामच्या फाट्यावर माधवी बसची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर पेरू चिरणाऱ्या म्हातारीशी एक चष्मेवाला मोठ्या ऐटीत बोलत होता.

"मावशी, लहान पोराइसाठी बनवलेले जुने चाकू जमवतो मी. पातं, करवत, होकायंत्र, शिटी, सारं एकातच. बावन्न हायेत माह्याजवळ. पण तुमच्या हातातला नाई!"

"हा? शाळेत होती तवापासून याच्यानंच चिरून राह्यली मी."

"मले देता का?"

"मंग मी पेरू कायनं चिरू?"

"बदल्यात हा घ्या. कोराकरकरीत. पन्नास वर्षांत कोणी एकदाबी उघडला नाई."

"उघडून दाखव बरं."

बराच वेळ नुसती नखांची खरखर ऐकू आली.

"आण इकडं. माह्या चाकूनं उघडते का पाहू."