बंद माइक

सांवेर रोडच्या बसथांब्यावरच्या रांगेत कुमुदिनीच्या पुढे दोन दोस्त उभे होते.

"मानस भिया, तू गेमवर येतोस, पण माइक बंद. आम्ही ओरडतो, तू गप्प."

"बाबा बाजूलाच असायचे. त्यांची झोप मोडायची."

"आणि मागचे दोन रविवार? आम्ही कोणा अनोळखी पोराला घेऊन खेळलो."

"घरी काम होतं."

"वहिनींनी सोडलं नाही, सीधा बोल ना. या रविवारी?"

"येतो. माइकही चालू ठेवीन."

"मग बाबा?"

मानसनं टोपी काढली. डोक्याचं नुकतंच मुंडन झालेलं होतं. कुमुदिनीनं नजर वळवली.

"अरे, ग्रुपवर कळवायचं तरी."

"उघडला होता ग्रुप. वर तुझाच मेसेज होता, निखिल. 'मानस फिर भाग गया.' खाली सगळ्यांचे हसरे चेहरे."